वावरात मेटल डिटेक्टर : सुरुवातीला तुमचं काय काय चुकलं?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाव परभणी जिल्ह्यात, साडेचार एकर काळं रान. दुसऱ्या वेचणीला कापसात आईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. मणी बरेचसे मिळाले, एक वाटी मिळाली, दुसरी गेली. सोनं फार नाही, पण आजीच्या पुतळ्या मोडून केलेल्या त्या वाट्या. आई तेव्हापासून गप्प गप्प आहे.

मावसभावानं त्याच्या मित्राचा मेटल डिटेक्टर आणून दिला. दोन दिवस कापसाच्या सगळ्या तासांतून, म्हणजे ओळींमधून, फिरवला. जिथं तिथं वाजतो. साठेक खड्डे खणले असतील. निघाले ते खिळे, तारेचे तुकडे, वखराच्या पासेचा तुकडा, अर्धा नाल, एक गंजलेलं कुलूप आणि गुटख्याच्या पुड्यांचे चंदेरी तुकडे, ते तर मोजायलाच नको. तिसऱ्या दिवशी मशीन 'फक्त दागिने'वर ठेवलं, तर दिवसभर एकदाही वाजलं नाही.

वर गावात बोभाटा झाला की हा गुप्तधन हुडकायलाय. गिरणीवर बायकांनी आईला तोंडावर विचारलं, "पायाळू माणूस मिळाला का गं?" पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला, त्याला गुप्तधन दिसतं असा समज. आई रडत घरी आली. माझ्यामुळे तिला हे ऐकून घ्यावं लागलं, याची मला फार लाज वाटते.

ज्यांनी हे मशीन वापरलंय त्यांनी सांगा, नवीन असताना तुमचं काय चुकलं? म्हणजे मला माझी चूक शोधता येईल.

सहस्रकुंड
सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं ते, पूर्ण वाढवून ठेवलीय का? नवीन माणूस हेच करतो. अर्ध्यावर आणा, निम्मी कटकट तिथंच जाईल.

काळी_माती
सहस्रकुंड बरोबर सांगतायत, पण आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. आपली माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यात मॅग्नेटाइट असतं, लोहाचं खनिज. ओढ्यातल्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा, काळे बारीक कण दाढीसारखे लटकतात. मशीनला ही मातीच ऐकू येते. म्हणून आधी 'ग्राउंड बॅलन्स' करायचा. धातू नसलेली जागा बघायची, कॉइल, म्हणजे मशीनची खालची थाळी, जमिनीपासून हातभर वर न्यायची, खाली आणायची, आणि आवाज एकसारखा होईपर्यंत जुळवत राहायचं. काळ्या रानातून मुरमाड चढावर गेलात की पुन्हा जुळवायचं. पूर्णाकाठ, हे केलं होतं का?

माझं सांगतो. पहिल्या आठवड्यात एका काळ्या गोट्याखाली मी कंबरेएवढा खड्डा केला. गोटा बाजूला काढला की खड्डा गप्प, गोटा आत ठेवला की मशीन वाजतं. वाजत होता तो गोटाच! हे कळायला सबंध दुपार गेली आणि वडिलांनी लावलेलं लिंबाचं रोप मुळासकट उपटलं गेलं. ते रोप परत लावलं पण जगलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

पूर्णाकाठ
नाही केलं. असं काही करायचं असतं हे आज पहिल्यांदा कळलं. उद्या सकाळी करून बघतो.

उदगीरची_लेक
माझ्या सासूबाईंचा हातातला एक गोठ (कडं) खळ्यात हरवला तेव्हा नणंदेच्या मुलानं मशीन आणलं होतं. त्याला शाळेत जायचं होतं म्हणून मी घेतलं हातात. दर दोन पावलांना टिंग. डावीकडे नेलं की टिंग. मी डावीकडचं सगळं खळं खुरप्यानं उकरलं, शेणानं सारवलेलं, चांगलं चोपलेलं खळं. सासरे बघत उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी पोरगा आला आणि म्हणाला, "मामी, तुमची जोडवी वाजायलीत." कॉइल डाव्या पायाजवळून जायची, चांदी जवळ आली की मशीन बोलायचं.

दुसऱ्या दिवशी जोडवी काढायची म्हटलं तर सासूबाई नको म्हणाल्या. मग दांडी लांब केली, कॉइल पायापासून दूर ठेवून फिरवलं. गोठ कडब्याच्या गंजीखाली निघाला. खळं मी स्वतः पुन्हा सारवलं.

सहस्रकुंड
ताई, हे लाखमोलाचं सांगितलंत. पुरुषांनीही लक्षात ठेवा, टाचेत खिळे असलेली चप्पल, लोखंडी नाकाचे बूट, कमरेचं किल्ल्यांचं कडं हे सगळं वाजतं. आणि खुरपं हातात घेऊन कॉइल फिरवू नका, तीन पावलं मागं टाका.

मोंढा_जालना
मोबाइल पण. खिशातला मोबाइल नि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. वरून हाय टेन्शनची लाइन जात असेल तर विचारूच नका.

विजेचा_माणूस
जुनी गोष्ट आठवली. हे मशीन ज्या विद्येवर चालतं ती वापरायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल, तोच टेलिफोनवाला, १८८१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या, गारफिल्ड यांच्या, उशाशी गेला होता. त्यांच्या अंगात गोळी अडकली होती आणि ती कुठं आहे हे डॉक्टरांना सापडत नव्हतं. यंत्र आधी तपासून पाहिलं तेव्हा चालत होतं, पण तिथं नुसता गोंधळाचा आवाज आला. खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, हे त्याचं एक कारण मानलं जातं. शिवाय डॉक्टरांनी ज्या बाजूला गोळी आहे असं ठरवलं होतं तीच बाजू तपासू दिली, आणि गोळी तिथं नव्हतीच. सप्टेंबरात गारफिल्ड गेले.

पूर्णाकाठ, मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वस्तू नेमकी कुठं पडली असेल हे आपण आधीच ठरवून टाकलंय का?

मांजराकाठ
गुप्तधनाचं बोलतो, कारण ते मी भोगलंय.

आमच्या गावाबाहेर जुनी गढी आहे, पडकी. माझं रान तिला लागून. पाच वर्षांपूर्वी रानातली जुनी पाइपलाइन शोधायला मशीन आणलं. दिवसा ऊन म्हणून रात्री जेवण करून, डोक्याला बॅटरी लावून गेलो. एवढीच चूक. अर्ध्या तासात बांधावर पंधरा-वीस माणसं. "काय हुडकायलाव?" पाइप म्हणालो, कुणाला पटेना. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. माझ्या पिशवीत घरून दिलेली शिदोरी होती, त्यात भाकरी, कांदा आणि लिंबू. लिंबू बघितल्यावर तर सगळ्यांची खात्रीच झाली.

लोकांचा राग मी समजू शकतो. गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडं फार वाईट प्रकार झालेत, लेकरांचे जीव गेलेत. त्यासाठी तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला. रात्रभर चौकीत बसलो. साहेबांनी सकाळी रानात येऊन पाइपचा लोखंडी जोड स्वतः पाहिला आणि सोडलं.

तेव्हापासून माझा नियम असा. मशीन दिवसाच काढायचं. आधी सरपंच, पोलीस पाटील आणि शेजारचे शेतकरी यांना सांगायचं. आणि येईल त्याला जवळ बोलवून ऐकवायचं, हा खिळ्याचा आवाज, हा तारेचा. एकदा कानानं ऐकलं की माणसाची शंका जाते. पूर्णाकाठ, तुम्ही आईंच्या गिरणीवाल्या बायकांनाच वावरात बोलवा.

पूर्णाकाठ
मांजराकाठ, हे वाचून धीर आला. आईला वाचून दाखवलं.

रोकठोक_बीड
एवढं कुणाकुणाला सांगत बसायचं? वावर आपलं, मशीन आपलं, निघेल ते आपलं.

तेरकर
रोकठोक, हरवलेली वाटी आपलीच, त्यात वाद नाही. पण "निघेल ते आपलं" हे खरं नाही, आणि नवीन माणसाची सगळ्यात महाग पडणारी चूक तीच आहे.

१८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. कळवलंत तर चौकशी होते, आणि मालक कुणी निघाला नाही तर शोधणाऱ्याला आणि जमीनवाल्याला कायद्यानं वाटा मिळतो. आपसात वेगळं ठरलं नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारनं ती वस्तू ठेवून घेतली तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूद आहे. आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर मशीन न्यायचंच नाही. हद्दीपासून शंभर मीटर खोदकाम-बांधकामाला प्रतिबंधित, त्यापुढं दोनशे मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगीनंच.

पण मला कायद्यापेक्षा जवळची गोष्ट सांगायचीय. आमच्या तेरला (धाराशिव जिल्हा) पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेला की मणी, खापरं वर येतात. सातवाहनांच्या काळचं तगर नावाचं नगर ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या, जपल्या आणि त्यातून गावात वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. ज्यानं खड्डा करून नाणं खिशात घातलं त्याच्या घरी फक्त एक नाणं उरलं. ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं गेलं. पैठण, भोकरदन, तेर, इथल्या मातीत आपलं सगळं गोत्र लिहिलेलं आहे. कुणी तिथं रात्री मशीन घेऊन फिरतो असं ऐकलं की मला झोप लागत नाही.

विजेचा_माणूस
तेरकरांना दुजोरा. इंग्लंडात सफक परगण्यात होक्सन नावाचं गाव आहे. १९९२ साली तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून त्याचा मित्र एरिक लॉज मशीन घेऊन गेला. हातोड्याऐवजी रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी नि चमचे निघायला लागले. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वाची माणसं आली, त्यांनी पद्धतशीर खोदलं. जवळपास पंधरा हजार नाणी, आणि ती कोणत्या पेटीत, कशी रचून ठेवली होती हेसुद्धा कळलं, कारण तो थांबला. हातोडाही नंतर मिळाला. तो आता खजिन्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

रोकठोक_बीड
हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. हातोडा म्युझियमात ठेवला हे आवडलं.

जुनं_नाणं
नाण्यांचा विषय निघाला म्हणून. निजामाच्या काळचे हाली शिक्के आपल्याकडं अजून घराघरांत आहेत. आमच्या आजोबांच्या फडताळाखाली, जुन्या घराच्या भुईत, मशीननं दोन पैचं एक तांब्याच्या रंगाचं नाणं दाखवलं. मी आनंदानं चिंच आणि राख लावून घासलं, लख्ख केलं. ही पहिली चूक. नाण्यावरचा जुना थर गेला की त्याचं रूप जातं आणि किंमतही.

दुसरी चूक मोठी. आमच्या शेजारी एक वयस्कर गुरुजी आहेत, जुन्या काळी उर्दूत शिकलेले. त्यांनी साल वाचून दिलं, १३३८. मी हिशोब केला, तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली १३२७ साली, म्हणजे हे त्याच्याच काळचं! नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं, फोटो पाठवले, एका शाळेत मुलांपुढंही बोललो. महिन्यानं गुरुजींनीच बोलावून समजावलं, "बाबा, हे हिजरी साल आहे." हिजरी १३३८ म्हणजे इसवी सन १९१९-२०. त्या शाळेत परत गेलो, मुलांपुढं उभं राहून चूक सांगितली आणि हिजरी सालाचा हिशोब फळ्यावर करून दाखवला. मुलांना तो तास पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

गोठ्यातला_डॉक्टर
थोडं अवांतर, पण मशीनचंच. मी निवृत्त पशुवैद्य आहे. जनावर चारा न चावता गिळतं, त्यात तार किंवा खिळा गेला तर तो जाळीपोटात जाऊन बसतो. तिथून पुढं पडदा, पलीकडं काळीज. तार टोचत टोचत काळजापर्यंत जाते. म्हणून गाईच्या छातीखाली मेटल डिटेक्टर धरून बघतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिबिरात मी लागोपाठ अकरा जनावरांच्या पोटात लोखंड आहे असं सांगितलं. मालक घाबरले, एक म्हातारी गाईच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली. माझ्याबरोबरच्या जुन्या ड्रेसरनं (मदतनिसानं) हळूच खोड्याकडं बोट दाखवलं. जनावर लोखंडी खोड्यात उभं केलं होतं. बाहेर मोकळ्यावर नेऊन तपासलं तर तीनच वाजली. आणि त्या तिघींतल्याही दोन धडधाकट होत्या. लोखंड असतं म्हणजे आजार असतोच असं नाही, पुष्कळ निरोगी गाईंच्या पोटात खिळे सापडतात. त्या म्हातारीच्या घरी जाऊन मी हे सांगून आलो. तिनं ताक दिलं.

मोंढा_जालना
डॉक्टरसाहेब, कुट्टी करताना चाऱ्याच्या गठ्ठ्याची बांधायची तार जाते ती हीच का?

गोठ्यातला_डॉक्टर
हो. कुट्टी मशीनच्या तोंडाशी एक जाडजूड लोहचुंबक बांधून ठेवा. चार गाईंचा जीव वाचेल.

हिंगोली_हळद
माझी चूक दोन ओळींत. सरळ रेषेत वीस पावलं सारखा आवाज येत होता, मला वाटलं साखळी आहे. कुदळ घातली ती शेजाऱ्यांच्या मोटारीच्या केबलवर. नशीब, तेव्हा लाइट नव्हती. सरळ रेषेत आवाज गेला तर ती तार किंवा पाइप समजा आणि कुदळ खाली ठेवा.

तेरणाकाठ
हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझं आजोळ किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, तो भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर आली. मी तेव्हा आठ वर्षांचा, आमच्या गावी होतो म्हणून वाचलो. आजी, मामा, मामी गेले. गाव दुसरीकडं वसलं, जुन्या जागेवर काट्या माजल्या.

मशीन घेतलं तेव्हा पहिला विचार आला तो आजोळच्या घराचा. आजीची पितळी घागर मिळेल, एखादा तांब्या मिळेल, आईला देईन. कुणाला न विचारता गेलो. वाजलं, खणलं, एक चेपलेली वाटी निघाली. तेवढ्यात शेळ्या चारणारी एक बाई आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरा, हे तुमचं घर न्हाई. तुमचं त्या चिंचेपलीकडं. हे आमच्या थोरलीचं." तिची थोरली मुलगी तिथंच भूकंपात दगावली होती.

मी ती वाटी तिच्या हातात दिली. तिनं पदरानं पुसली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, ह्यात ती दूध-भाकर खायची. मी खड्डा बुजवला. चिंचेपलीकडं गेलो, पण मशीन चालू केलं नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलंस.

सेटिंग, कॉइल ही शिकण्यासारखी गोष्ट आहे, शिकता येते. पण कुठल्या जागेवर मशीन चालू करायचं नाही हे मला त्या बाईनं शिकवलं.

उदगीरची_लेक
तेरणाकाठ दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडंही त्या पहाटे भांडी पडल्याचा आवाज आला, हे अजून सांगतात.

काळी_माती
🙏

वेचणीवाली
मी रोज वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. पंचवीस वर्षं कापूस वेचलाय.

पूर्णाकाठ भाऊ, तुम्ही तास हुडकताय, पण बाई वेचताना वाकलेली असते, पुढं ओटी बांधलेली असते. गळ्यातलं तुटलं तर मणी भुईवर सांडतील, पण वाटीसारखी जड वस्तू सरळ ओटीत पडते, कापसात. ती ओटी कुठं रिकामी केली? गंजी कुठं घातली, बोचकी कुठं बांधली? तिथं बघा. माझी स्वतःची कानातली फुलं अशीच गंजीच्या जागी मिळालीत. आईला विचारा, त्या दिवशी ओटी कोण कोण कुठं ओतत होतं.

विजेचा_माणूस
ताई, बेलला कुणी हेच विचारलं असतं तर!

काळी_माती
पूर्णाकाठ, आणि ते 'फक्त दागिने' बंद करा. मशीनला सोनं ओळखू येत नाही. वस्तू विजेला किती वाट देते तेवढंच त्याला कळतं, आणि पातळ लहान सोनं नि पुडीचा चंदेरी कागद जवळजवळ एकाच जागी बोलतात. कागद गाळला की वाटीही गाळली जाते. कचऱ्याचे आवाज सगळे ऐकावे लागतील, इलाज नाही. खणलेली माती बारदान्यावर टाका आणि मातीवरून कॉइल फिरवा. खड्डा गप्प झाला तर वस्तू मातीत आली.

पूर्णाकाठ
मंडळी, मिळाली.

आईला विचारलं. ती म्हणाली, ओट्या बांधावरच्या बाभळीखाली ओतल्या होत्या, सावली म्हणून. त्या बाजूला मी मशीन नेलंच नव्हतं, कारण तिथं पऱ्हाटी नाही. सकाळी मोबाइल आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या घरात, ठेवला, ग्राउंड बॅलन्स केला, सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर, दागिन्यांचं सेटिंग बंद. पहिल्या तासात एकोणीस पुड्या निघाल्या. विसावा आवाजही अगदी पुडीसारखाच होता. माती बारदान्यावर घेतली, दोन बोटं खोल असेल, पाल्यात गुंतलेली. आईनंच हात घातला.

गिरणीवरच्या दोघीजणी पण आल्या होत्या, मांजराकाठांनी सांगितलं म्हणून बोलवल्या होत्या. त्यांना खिळ्याचा, पुडीचा, जोडव्यांचा आवाज ऐकवला. त्यातली एक आईचा हात धरून म्हणाली, "चुकलं बाई माझं." आईनं तिला चहाला थांबवलं.

खड्डे सगळे बुजवतोय, अजून चाळीसेक राहिलेत. वेचणीवाली ताई, आई तुम्हाला भेटायचं म्हणते.

वेचणीवाली
आईंना नमस्कार सांगा. आता दोरा नको, साखळीत ओवून घ्या.

हिंगोली_हळद
पूर्णाकाठ, मशीन परत देण्याआधी एक दिवस मिळेल का? हळद काढताना ट्रॅक्टरची टॉपलिंकची पिन पडलीय. शेजाऱ्यांना आधी सांगेन, केबल कुठून जाते तेही विचारून ठेवतो.